माळ्यावरचा राखणदार

वेळणेश्वरात गणपतीच्या आठेक दिवस आधी कुलुपं उघडायला लागतात. वर्षभर मुंबई-ठाण्याकडे असलेली माणसं उतरतात, ओटीवरची चुडतं उचलतात, विहिरीवरचा पंप चालू होतोय का ते बघतात आणि मग घरात शिरतात. मी ज्यांच्याकडे उतरलो होतो, त्यांच्या शेजारच्या घरात एक कुटुंब असंच शिरलं आणि पाच मिनिटांत बाहेर आलं. माळ्यावर साप आहेत म्हणे. एक नव्हे, तीन-चार. फुत्कार अगदी स्पष्ट ऐकू येतायत.

सर्पमित्राला फोन गेला. तो येईपर्यंत अंगणात वाडी जमली. कुणी नागाचं वारूळ म्हणालं, कुणी घोणस म्हणालं. गेल्या वर्षी गुरवाच्या पडवीत निघालेल्या नागाची गोष्ट दोनदा सांगून झाली. पोरगा आला, शिडी लावून वर चढला, बॅटरी मारली आणि वरूनच हसला.

"काकू, साप नाय ओ. घुबडाची पिल्लं हायत. चार."

अंगणातला जीव भांड्यात पडला, पण अर्धा मिनिटच. मग चेहरे आधीपेक्षा जास्त उतरले. साप धरून नेता येतो. सणाच्या तोंडावर घरात घुबड निघालं, त्याचं काय करायचं? धाकट्या सुनेनं शांत करून घेऊ या म्हटलं. थोरल्यानं पिल्लं खोक्यात घालून देवराईत सोडून येऊ म्हटलं. सर्पमित्र मान हलवत होता. शेवटी कोपऱ्यात नारळ सोलत बसलेले आजोबा सुळ्यावरून हात न काढता म्हणाले, "गणपती माजघरात बसतो. माळ्यावर कोण बसतंय? राहू देत."

त्या संध्याकाळी परवानगी काढून मी शिडीच्या वरच्या पायरीपर्यंत गेलो. आत जायचं नाही, बॅटरी थेट डोळ्यांवर मारायची नाही, दोन मिनिटांत उतरायचं, असं मला बजावलेलं होतं. तुळईच्या पलीकडे, जुन्या पाटांच्या आणि फुटक्या हंड्याच्या आडोशाला ती चौघं उभी होती. उंचीनं पायऱ्यांसारखी: मोठं जवळजवळ आईएवढं, धाकटं मुठीपेक्षा जरासं मोठं, अंगावर मळकट पांढरी लव. गव्हाणी घुबडाची मादी सगळी अंडी एकदम घालत नाही. दोन-तीन दिवसांच्या अंतरानं घालते आणि पहिल्या अंड्यापासूनच उबवायला बसते, म्हणून एकाच घरट्यातली भावंडं अशी लहानमोठी निघतात. मला बघून चौघांनी माना खाली घातल्या, डोकी डावी-उजवीकडे झुलवली आणि फुत्कारली. हुबेहूब साप. फुंकर संपते कुठे आणि दुसरी सुरू होते कुठे ते कळत नाही. तोंड मात्र सापाचं नाही, बदामाच्या आकाराचं, मधोमध उभी चोच आणि दोन काळे डोळे. एखाद्या म्हातारीनं पांढऱ्या पदरातून बघावं तसं.

वास भयंकर होता, हेही सांगायला हवं. घुबडं आवडणारी माणसं वासाबद्दल सहसा बोलत नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्या घरातली सहावीतली मुलगी आणि मी ओटीवर वर्तमानपत्र पसरून बसलो. माळ्याच्या शिडीखाली पडलेल्या काळसर, अंगठ्याएवढ्या लेंडुकल्या आम्ही गोळा केल्या होत्या. ती विष्ठा नव्हे. घुबड उंदीर अख्खा गिळतं, मांस पचवतं, आणि हाडं-केस पोटात गोळा करून तोंडावाटे टाकून देतं. गोळी कोमट पाण्यात भिजवली, दोन सुयांनी उकलली. करड्या केसांच्या गुंत्यातून पहिल्यांदा पिवळे-नारिंगी पुढचे दात निघाले, म्हणजे उंदीर. मग दुसरी कवटी, तशीच. तिसरी लांबट, निमुळती, टोकाशी बारीक अणकुचीदार दात असलेली. ती चिचुंद्री. एका गोळीत तिघं. मुलीनं वहीत रकाने आखले आणि दुपारपर्यंत सात गोळ्यांची मोजणी केली. कवट्या एकोणीस भरल्या. धाकटी सून चहा घेऊन आली, वहीकडे बघितलं, वर माळ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "एवढे उंदीर आपल्या आगरात होते?"

होते. आहेत. वेळणेश्वर म्हणजे समोर अर्धचंद्रासारखा समुद्र, काठाला शंकराचं देऊळ आणि त्यामागे नारळ-सुपारीची आगरं. ज्यांचं कुलदैवत हा वेळणेश्वर, ती माणसं देवळातून परत जातात. ज्यांचं आगर आहे त्यांना माडाखाली पडलेली टोकरलेली शहाळी रोज सकाळी मोजावी लागतात. माडावरचा उंदीर तिथेच राहतो, सहसा खाली उतरतही नाही. देठाजवळ भोक पाडून पाणी पितो, कोवळं खोबरं खातो, शहाळं गळून पडतं. भाताच्या कणग्यांत तो आहेच. लेप्टोच्या तापाचं नाव गेल्या काही वर्षांत कोकणात घराघरांत पोचलंय, तो तापही मुख्यतः उंदराच्या मुतातूनच पसरतो. मलेशियात पाम तेलाच्या बागांतून उंदरांसाठी ह्याच जातीच्या घुबडांना लाकडी पेट्या बांधून दिल्या गेल्या. आपल्याकडे पेटी बांधायचीही गरज नव्हती. चाकरमान्यांनी गावभर बंद घरं बांधून ठेवलेलीच होती.

अंधारात हा पक्षी उंदीर धरतो कसा, ह्याचा उलगडा गेल्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत रॉजर पेन ह्या शास्त्रज्ञानं केला. पूर्ण काळोख केलेल्या खोलीत त्यानं घुबड ठेवलं आणि उंदीर सोडला. घुबडानं नुसत्या आवाजावरून झेप घेऊन तो धरला. (हाच पेन पुढे देवमाशांची गाणी जगाला ऐकवून प्रसिद्ध झाला. तयार कानांचा माणूस.) गव्हाणी घुबडाचे दोन कान एका पातळीत नसतात, एक थोडा वर, एक थोडा खाली. त्यामुळे आवाज कुठल्या बाजूनं आला तेवढंच नाही, किती खालून आला तेही त्याला कळतं. तो बदामी चेहरा शोभेचा नाही, आवाज गोळा करणारं ताट आहे. आणि पंखांच्या कडेला कंगव्यासारखी बारीक झालर असते, म्हणून उडताना त्याचा स्वतःचा आवाज होत नाही. आजोबा म्हणाले ते मला जास्त पटलं: "रात्री अंगणात झोपलो की अंगावरनं वारा जातो. आवाज नाय. मग समजायचं, गेला."

कोकणात राखणदार हा शब्द जपून वापरतात. तो घरा-आगराचा असतो, दिसत नाही, रात्री फिरतो, त्याला वर्षाचा मान द्यावा लागतो. माळ्यावरच्या घुबडाला तो शब्द लावला तर आजोबांना आवडणार नाही, हे मला माहीत आहे. तरी शीर्षकात लावला आहे.

*

घुबडाची भीती आपल्याकडे पुरातन आहे. महाभारतात युद्ध संपल्यावर अश्वत्थामा वडाखाली बसलेला असतो आणि झोपलेल्या कावळ्यांवर घुबड तुटून पडलेलं बघतो. त्यावरून त्याला रात्री पांडवांच्या शिबिरात शिरायची कल्पना सुचते, असं सौप्तिक पर्व सांगतं. पंचतंत्राचं तिसरं तंत्र तर कावळे आणि घुबडं ह्यांच्या वैराचंच, काकोलूकीय. हे वैर खोटं नाही. दिवसा घुबड उघड्यावर सापडलं की कावळे जमतात आणि त्याला हुसकावून हुसकावून बेजार करतात. वेळणेश्वरच्या देवळाबाहेर सकाळी कावळ्यांचा असा कालवा ऐकू आला तर वर बघायचं, हमखास कुठल्यातरी फांदीला चिकटून कुणीतरी डोळे मिटून बसलेलं असतं. मराठीत घुबडाला दिवाभीत म्हणतात. ज्यानं तो शब्द केला, त्यानं ते दृश्य बघितलेलं असणार.

पण भीतीच्या गोष्टींत मला सर्वांत आवडते ती दगडाची. लहानपणी आम्ही ती ऐकली, वेळणेश्वरातल्या त्या सहावीतल्या मुलीनंही ऐकली होती, आणि ती उभ्या महाराष्ट्रात सांगतात. घुबडाला दगड मारायचा नाही. मारलेला दगड घुबड झेलतं, नेऊन पाण्यात घासत बसतं, आणि दगड झिजेल तसा मारणारा झिजत जातो. गोष्ट शंभर टक्के खोटी. पण तिचा परिणाम बघा. ज्या पोरांच्या बेचकीतून साळुंकी सुटली नाही, बुलबुल सुटला नाही, त्यांनी घुबडावर हात उचलला नाही. अंधश्रद्धेविरुद्ध बोलायचं तर बोलावं, मीही बोलतो, पण ही एक गोष्ट मोडून काढताना माझी जीभ अडखळते.

सगळी घुबडं अशुभ, असंही आपल्याकडे कधी नव्हतं. पिंगळा बघा. मूठभर पक्षी, अंगावर पांढरे ठिपके, पिवळे डोळे. संध्याकाळी तारेवर जोडीनं बसतो आणि माना खालीवर करतो. त्याची भाषा कळते, असं सांगत पहाटे दारोदार फिरणारा पिंगळा जोशी महाराष्ट्रानं पिढ्यान्पिढ्या ऐकला. हातात कुडमुडं, कंदील, आणि घराचं भविष्य. म्हणजे एकाच कुळातला धाकटा ज्योतिषी आणि थोरला यमदूत. वाडीतल्या एका आजीला मी हे विचारलं तर तिनं सरळ उत्तर दिलं: "पिंगळा बोलतो. घुबड वरडतो."

ती म्हणते त्यात आवाजाचा भाग मोठा आहे. खाडीकाठच्या झाडीतून मत्स्य घुबडाचा घुमा हुंकार येतो, छातीत वाजल्यासारखा. जुन्या आमराईत आणखी एक मोठं घुबड थरथरत, चढत जाणारी किंकाळी मारतं. ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी माहीत असूनही खिडकी लावून घेतली होती. कोकणातल्या मुंजाच्या, देवचाराच्या कितीतरी गोष्टींमागे हा आवाज असावा असा माझा कयास आहे. त्याला पुरावा नाही.

*

आता समुद्राकडे वळतो, कारण वेळणेश्वरचा खरा राजा रात्रीचा नाही, दिवसाचा आहे.

किनाऱ्याच्या टोकाला, डोंगर खाली उतरतो तिथल्या एका प्रचंड आंब्यावर पांढऱ्या पोटाच्या समुद्री गरुडाचं घरटं आहे. जागा नेमकी सांगत नाही. घरटं म्हणजे बाजेएवढा काटक्यांचा ढीग. जोडी तेच घरटं वर्षानुवर्षं वापरते, दर हंगामात काटक्या घालते, आत हिरवा पाला पसरते, त्यामुळे ते वाढतच जातं. पावसाळा सरला की, म्हणजे दिवाळीच्या आगेमागेच, डागडुजी सुरू होते. गरुडानं पंख पसरले की दोन मीटरच्या आसपास. वरून करडा, खालून पांढराशुभ्र, शेपटी पाचरीसारखी. मी घरट्यावर नजर ठेवून बसलो होतो त्या सकाळी नर पाण्यावरून आला तेव्हा पायांत दोरीसारखं काहीतरी लोंबत होतं. घरट्यावर उतरल्यावर ती दोरी वळवळली. समुद्रसाप. रापणीत मासळीबरोबर हे साप नेहमी येतात, कोळी ते काठीनं उचलून परत टाकतात, अत्यंत विषारी. गरुडाला त्याचं काही नाही. झाडाखाली पालापाचोळ्यात माशांच्या मणक्यांबरोबर सापांचेही मणके सापडतात, माळेतून सुटलेल्या मण्यांसारखे.

जुन्या नोंदींत ह्या भागातलं त्याचं नाव काकण असं मिळतं. जोडी आळीपाळीनं ओरडायला लागली की नाव कशावरून पडलं असेल ते आपोआप कळतं. ह्या नोंदी करणाऱ्यांत जी. डब्ल्यू. व्हिडाल हा रत्नागिरी जिल्ह्यात काम केलेला इंग्रज सनदी अधिकारी होता. दक्षिण कोकणातल्या पक्ष्यांची त्याची पहिली यादी १८८० साली 'स्ट्रे फेदर्स' ह्या नियतकालिकात आली. त्या नियतकालिकाचा संपादक ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम, म्हणजे पाच वर्षांनी काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारा तोच. ह्यूमनंच १८७३ मध्ये रानपिंगळ्याचं शास्त्रीय वर्णन केलं. हा पिंगळ्याचा जंगलातला भाऊ १८८४ नंतर कुणालाच दिसला नाही. मधल्या काळात रिचर्ड माइनर्ट्सहागेन नावाच्या एका इंग्रज कर्नलनं तो १९१४ मध्ये मिळाल्याचा दावा केला होता, पण तो नमुना संग्रहालयातून चोरून खोटी चिठ्ठी लावलेला निघाला. ती लबाडी उघडकीला आणणाऱ्या पॅमेला रासमुसेन यांनीच बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांच्याबरोबर नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा पुन्हा शोधून काढला. मध्ये ११३ वर्षं गेली होती. सातपुड्यातल्या माणसांनी तो पक्षी त्या ११३ वर्षांत बघितला नसेल असं मला वाटत नाही. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

वेळणेश्वरच्या गरुडांबद्दल मात्र स्थानिकांना विचारणारी माणसं निघाली. चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र ही भाऊ काटदरे यांची संस्था बहुतेकांना वेळासच्या कासवांमुळे ठाऊक आहे. त्याच मंडळींनी समुद्री गरुडांच्या घरट्यांसाठीही किनारा पायी तुडवला. घरटं कुठे आहे हे त्यांना दुर्बिणीनं जितकं सांगितलं तितकंच माडावर चढणाऱ्यांनी आणि कोळ्यांनी सांगितलं.

गरुडाला कुणी दगड मारत नाही, त्याला अशुभ म्हणत नाही. तांबडी घार, जिला पुस्तकात ब्राह्मणी घार म्हणतात, ती दिसली तर जुनी माणसं हात जोडतात, विष्णूचं वाहन म्हणून. वर आकाशात सगळ्यांना मान आहे. अडचण खाली आहे, झाडात.

गरुडाला उंच, जुनं, रुंद फांद्यांचं झाड लागतं. पिंगळ्याला ढोली लागते. मत्स्य घुबडाला पाण्याकाठची दाट जुनी झाडी. हापूसच्या कलमात ढोली होत नाही. कलम बुटकं ठेवतात, छाटतात, फवारतात. ढोली होते रायवळ आंब्यात, वडात, उंबरात, सातवणात, तीही पन्नास-साठ वर्षं उन्हापावसात उभं राहिल्यावर. आणि रायवळ आज कुणाला हवा आहे? फळं किडकी निघतात, गिऱ्हाईक नाही, लाकडाला मात्र भाव आहे. ट्रकभर ओंडके घाट चढताना मी ह्या एका फेरीत तीनदा बघितले. मुंबई-गोवा महामार्ग रुंद करताना काठाचे जुने वड गेले. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानं दापोली-मंडणगडकडची आगरं आडवी केली, पुढच्याच मे महिन्यात तौक्ते किनारा घासून गेलं. पडलेल्या माडाच्या जागी नवा माड लावता येतो. पडलेल्या रायवळाच्या जागी कलम लागतं.

दुसरी गोष्ट विषाची. उंदीर फार झाले की बाजारातून ब्रोमॅडिओलोनच्या वड्या येतात. ती खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. दोन-चार दिवस तो सुस्त, उघड्यावर, हळूहळू फिरतो, म्हणजे घुबडाला सर्वांत सोपा. घुबड तोच उंदीर पिल्लांना नेऊन घालतं. विष तसंच पुढे सरकतं आणि काळजात साठत जातं. गिधाडांचं जनावरांच्या दुखण्यावरच्या डायक्लोफिनॅकनं काय झालं ते आपण बघितलंय. ते औषध जनावरांसाठी २००६ मध्ये बंद झालं, तोवर गावाबाहेरचं आकाश रिकामं झालं होतं. घुबडाचं तितकं झालेलं नाही. पण माळ्यावर घुबडाची पिल्लं आणि खाली कोठीत उंदराच्या वड्या, हे एकाच घरात मी ह्याच गावात बघितलं. घरच्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी वड्या उचलल्या, निमूट, आणि विचारलं, "मग उंदराचं काय?" मी वर बोट दाखवलं. त्यांना ते फारसं पटलेलं दिसलं नाही. मलाही पूर्ण पटलेलं नाही, एक जोडी सगळं आगर सांभाळेल असं कुणी म्हणू नये. सापळे लावावे लागतील.

आणि दिवाळी. ह्याच दिवसांत देशाच्या काही भागांत घुबडांचा चोरटा बाजार तेजीत असतो. लक्ष्मीचं वाहन म्हणून, अमावास्येच्या रात्रीच्या जादूटोण्यासाठी. वन्यप्राण्यांच्या व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या ट्रॅफिक संस्थेचा २०१० चा अहवाल सांगतो की भारतातल्या घुबडांच्या सुमारे ३० जातींपैकी १५ जाती ह्या बाजारात आढळल्या. कोकणात मी ह्याबद्दल जिथे जिथे विचारलं तिथे लोकांनी कानावर हात ठेवले, आणि माझा त्यांच्यावर विश्वास आहे. आपल्याकडे लक्ष्मीपूजनाला केरसुणी असते, घुबड नसतं. पण 'मोठं घुबड आहे का, चांगले पैसे देतो' असा फोन आलेला एक तरुण मला भेटला. त्यानं फोन ठेवला आणि नंबर वनखात्याला कळवला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं घुबड पकडणं, बाळगणं, विकणं हा गुन्हा आहे, हे त्याला ठाऊक होतं.

पुरंदर तालुक्यातल्या पिंगोरीत डॉ. सतीश पांडे यांच्या इला फाउंडेशननं नोव्हेंबर २०१८ मध्ये चक्क घुबड महोत्सव भरवला. शाळेतली मुलं घुबडांची चित्रं काढायला, मुखवटे करायला आली. गावाच्या नावातच पिंगळा ऐकू येतो, तेव्हा जागा बरोबर निवडली म्हणायची. वेळणेश्वरात असा महोत्सव नाही. एका वहीत रकाने आखलेले आहेत, एवढंच. गणपतीनंतर त्या मुलीनं मला फोनवर पुढची मोजणी सांगितली: थोरलं पिल्लू अनंत चतुर्दशीनंतर उडालं, मधली दोन त्यानंतरच्या आठवड्यात. धाकटं पुढे दिसलंच नाही. ते मेलं, की भावंडांनी खाल्लं, की तेही उडालं, ते कळलं नाही. घुबडांत हे होतं, मी तिला सांगितलं. तिनं ते वहीत लिहून घेतलं.

दिवाळीत तुमचंही गावचं घर उघडाल. माळ्यावरून फुत्कार आला तर आधी बॅटरी मारून लांबूनच बघा. साप असेल तर सर्पमित्राला बोलवा. पांढऱ्या तोंडाची पिल्लं असतील तर माळ्याची खिडकी बंद करू नका, दूध-भात देऊ नका, आणि घरात उंदराचं विष असेल तर उचला. अंड्यातून निघाल्यापासून साधारण दोन महिन्यांत ती आपली आपण जातात. एखादं खाली पडलं, जखमी असलं तर पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात ठेवा आणि वनखात्याच्या १९२६ ह्या क्रमांकावर फोन करा. पैसे पडत नाहीत.